आठ पावलांवरचं ताट

प्रयोगशाळेतला आमचा पहिला नियम: उंदराला हातानं भरवायचं नाही. कळ दाबली की गोळी मिळते, ही सांगड त्याची त्यानं घालायची. आयतं मिळालं की प्रयोगाचे बारा वाजले. बावीस वर्षं पिंजरे सांभाळतेय; नियम अंगात मुरलाय. घरचे मला आडमुठी म्हणतात ते उगाच नाही.

आई गेली आणि बाबांनी जेवायच्या टेबलाशी येणं सोडलं. खिडकीजवळच्या खुर्चीत नुसते बसून राहायचे. मी टेबलावर ताट झाकून कामाला जायची. संध्याकाळी ते तसंच असायचं; पोटात जायचं ते चहा-दूध तेवढं. दादा फोनवर कळवळायचा, "अगं, भरव ना त्यांना दोन घास."

"लाड नकोत. भूक लागली की उठतील. आठ पावलांवर तर टेबल आहे."

नऊ आठवडे गेले. बाबांच्या पायजम्याची नाडी दर आठवड्याला जास्त खाली लोंबायला लागली. तरी मी ताट टेबलावरच ठेवत होते.

मग नवं औषध आलं. गांजा ओढणाऱ्याला खा-खा सुटते ती मेंदूतल्या ज्या कॅनाबिनॉइड रिसेप्टर्समुळे, ते बंद करणारं. आमच्या 'खादाड' नावाच्या उंदराला ते टोचलं. दिवसाला तीनशे वेळा कळ बडवणारा हा गडी कोपऱ्यात बसला तो बसलाच. कळेकडे बघायचा आणि मान वळवायचा.

"मॅडम, याची भूक मेली," मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना म्हटलं.

मॅडमनी चिमट्यात गोळी धरून त्याच्या तोंडाशी नेली. माझ्या नियमाची ऐशीतैशी! खादाडनं ती दोन्ही पंजांत धरली आणि कुरतडून संपवली. मग दुसरीही.

"भूक आहे," मॅडम म्हणाल्या. "तिच्यासाठी उठावंसं वाटणं गेलंय. या दोन वेगळ्या गोष्टी असतात."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी पळाले.

बाबा खुर्चीतच होते. मी मऊ भात कालवला आणि त्यांच्यापुढे जमिनीवरच बसले. हात पोचायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं. मला माझी इतकी लाज वाटली की वर बघवेना. सहा घास खाल्ले त्यांनी. सातव्याला माझं मनगट धरलं. त्या बोटांत जोर असा उरलाच नव्हता.

"राग गेला का गं तुझा?"

"कसला राग, बाबा?"

"कोण जाणे. ताट लांब ठेवायचीस ना, म्हणून विचारलं."