सकाळी परत या

तर बघा, बस डेपोत संप चालू, सगळे फाटकासमोर धरणं धरून बसलेले, आणि गावभर मंत्रीसाहेबांचे बॅनर. बॅनरवर कोण, तर भाऊ. तेच भाऊ, याच डेपोच्या जुन्या संपाचे पुढारी, ज्यांचा चौकात पुतळा आहे, शाळेत ज्यांच्यावर धडा आहे. खाली हे एवढाल्या अक्षरांत त्यांचं वाक्य: 'घरी जा, पोरं वाट बघतायत.' म्हणजे काय, तर तुमचे भाऊच सांगतायत, उठा आता गुपचूप.

पानेवालीच्या अंगाचा नुसता तिळपापड. पानेवाली म्हणजे डेपोतली मेकॅनिक, खिशात कायम पाना, म्हणून ते नाव. आणि ती भाऊंची मुलगी. ते गेले तेव्हा आईच्या कडेवर होती. पण वाक्य तिला अख्खं पाठ, कारण आईने ते रोज झोपवताना ऐकवलेलं: 'घरी जा, पोरं वाट बघतायत. त्यांना जेवू घाला आणि सकाळी परत या.' असं सांगून भाऊंनी सगळ्यांना पाठवलं आणि स्वतः फाटकावरच थांबले. रात्री लाठ्या पडल्या. भाऊ घरी आलेच नाहीत, आईने झाकून ठेवलेलं ताट तसंच राहिलं. धड्यात मात्र 'संपाच्या दिवसांत निधन', बस, एवढंच.

फाटकावरची माणसं तर ढेपाळायला लागलेली. ड्रायव्हरकाका म्हणाले, भाऊंचाच शब्द असेल तर आपण कोण? पानेवालीने घसा फोडून सांगितलं, तर एकाने टोमणा मारला, तू तेव्हा दुपट्यात होतीस, तुला काय ऐकू आलं गं? ते वाक्य बोलताना भाऊंच्या शेजारी उभं असलेलं आता एकच माणूस उरलं होतं. आई.

आईला हल्ली विसरायला व्हायचं. दिवसभर टीव्हीसमोर, आणि दर जाहिरातीत मंत्रीसाहेब तेच अर्धं वाक्य म्हणणार. पण त्या दिवशी चहा पिताना पानेवालीने विचारलं, तर आईने शेवटपर्यंत घडाघडा म्हटलं. वर, मला काय बावळट समजतेस का, हेही ऐकवलं. पानेवालीचा जीव भांड्यात पडला.

फाटकावर आईला खुर्ची दिली, माईक दिला. सगळे पुढे सरकले.

"ते म्हणाले, घरी जा, पोरं वाट बघतायत," आई म्हणाली. आणि थांबली.

पानेवाली तिच्या कानाशी वाकली. "आणि पुढे, आई?"

"पुढे काय? पुढे आले ना घरी." आई हसली. "हात धुतले, तुला मांडीवर घेतलं, जेवले. तू त्यांचं ताट सांडलंस, तरी रागावले नाहीत."

माईक चालूच होता. ड्रायव्हरकाकांनी मान खाली घातली.

नाही आई, बाबा आले नव्हते. एवढंच म्हणायचं होतं पानेवालीला. तोंडापर्यंत आलं होतं हो. पण तिने आईकडे बघितलं, आणि आईचा चेहरा इतका निवांत तिने जन्मात कधी बघितला नव्हता. इतकी वर्षं जे ताट झाकून ठेवलेलं होतं, ते एकदाचं कोणीतरी जेवून गेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "आले होते."

मग माणसं उठायला लागली. कोणी डबा उचलला, कोणी सतरंजी झटकली. तिला कोणी एका शब्दाने बोललं नाही, तेच जास्त लागलं. शेवटी फाटकावर दोघीच राहिल्या. पानेवाली खुर्चीला टेकून खाली बसली, खिशातला पाना मुठीत घट्ट धरून.

"आई," तिने विचारलं, "बाबा काय जेवले गं?"

आणि आई सांगायला लागली.