धुरीचं लाकूड

सासूबाईंनी फांदीत नख रोवलं, सालीचा तुकडा ओरबाडला आणि नाकाशी धरला.

"बोर आहे. गोडसर वास आहे बघ. घाल घाव."

सुनेने कोयता उचलला. मासे धुरावून विकायचे हा घरचा धंदा, आणि आपल्या रानातलं धुरीचं लाकूड ओळखणं ही म्हातारीची मक्तेदारी. "मी मेल्यावर शिका," म्हणायची. कुणाकडून, ते मात्र सांगायची नाही. पण गेल्या हिवाळ्यात तिचा मुलगा गेला, पाठोपाठ गुडघेही कुरकुरू लागले, तेव्हा कुठे ती सुनेला घेऊन रानात आली.

"पानगळीत सगळी झाडं सारखीच. आणि माझ्या डोळ्यांची तर बोंबच. काम नाकाचं. कडू वास आला की लांब राहायचं. तो धूर माशात मुरला तर खाणाऱ्याचं काळीज बंद पडतं."

कोयता बसला तिथून पांढरा चीक ओघळला. सुनेने बोट लावून हुंगलं. कडूजहर. म्हातारी परीक्षा घेतेय असं वाटून तिने तीच फांदी मोडून पुढे केली.

"आई, आणि हे?"

म्हातारीने लांब श्वास घेतला. "हे? हे जांभूळ."

सुनेचं हसू ओठांवरच विरलं. दोन वर्षांपूर्वी म्हातारी मोठ्या तापातून उठली, तेव्हा एकदा दूध करपून घरभर वास सुटला तरी ही आपली चुलीशी बसून. नवरा-बायको पोट धरून हसले होते.

शेजारीच त्याच झाडाचा तोडलेला बुंधा होता. घाव उलट्या बाजूने तिरका, डावऱ्या हाताचा. घरात डावरा एकच होता. चीक त्यालाही दिसलाच असणार, पण आईचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. नव्या धुरीच्या माशाचा पहिला तुकडाही नेहमी त्याचाच. तरण्याताठ्या माणसाचं हृदय थांबलं कसं, याचं दवाखान्यात सगळ्यांना नवल वाटलं होतं. बाकीचे मासे कुणी खाल्लेच नाहीत. दुःखात ते टांगलेलेच राहिले आणि मग पुरून टाकले.

सुनेने कोयता खाली ठेवला.

म्हातारी चाचपडत बुंध्यावर टेकली. तिची बोटं त्या तिरक्या घावावरून फिरली आणि तिथेच थांबली.

"हा त्याचा हात ना गं?"

"हो."

"कसलं झाड हे? खरं सांग. तुझं नाक चांगलं आहे."

सुनेने चिकाची बोटं मातीत पुसली. "बोरच आहे, आई. तुम्ही म्हणालात तसंच."

म्हातारीने तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मग बांध याचीच मोळी," ती म्हणाली. "यंदा पहिला तुकडा मी खाणार."