डाव्या अंगाचं चाक

टायरवरची चीर चार बोटं लांब होती. बाहेरच्या अंगाला, रिमच्या काठापासून बोटभर अंतरावर. आतले धागे दिसत होते. गुणमालानं चिरेवरून बोट फिरवलं आणि मान वळवून मागच्या फरशी पुलाकडं पाहिलं. पुलाच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या दगडावर, टायरच्याच उंचीला, काळे ओरखडे होते. एक ताजा, काळाकुट्ट. बाकीचे उन्हानं विटलेले.

"टायरच बोगस निघालं," जॅक लावता लावता तिचा नवरा अण्णाप्पा म्हणाला. "आताच्या मालात काय दम ऱ्हायला न्हाई."



गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल. मागचं चाक काढून कुपवाडच्या एका वेल्डिंगवाल्यानं तिला दोन चाकांचा हौदा जोडून दिलेला. सकाळी आळीतलं सगळं दूध डेअरीला जायचं ते याच गाडीनं, आणि संध्याकाळी त्याच हौद्यातून नात ब्राह्मी शाळेतून घरी यायची. तिची जागा ठरलेली. डावीकडचं फळकूट, पाय बाहेर सोडून.

दिवाळीनंतर डावं टायर असंच फाटलं होतं, तेव्हा गुणमाला म्हणाली होती, "उजवं चाक डावीकडं घाला. नवं उजवीकडं ऱ्हाऊ द्या."

"का गं? चाकांची बदली करतीस व्हय?" अण्णाप्पा हसला होता. पण त्यानं घातलं. तिनं त्या चाकाला, बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या लाल हिंगुळाचा ठिपका लावून ठेवला. दोन वर्षं उजवीकडं फिरून त्या टायरला ओरखडा नव्हता. आज फाटलेल्या टायरवर तोच लाल ठिपका होता.

म्हणजे दोष टायरात नव्हता.

मेंढरं हाकत धुळा पुलावरून आला. "अण्णा, पुन्यांदा? ह्या पुलाला टायर वाहायचा नवस बोललायसा का काय?"

"तू मेंढरं बघ रं तुजी! उसात शिरल्यात."

"मेंढरं सरळ जात्यात माजी. तुमचीच गाडी दगुड हुंगत फिरती." धुळा हसत हसत गेला. अण्णाप्पा हसला नाही.

"आज्जे, भूक लागली," ब्राह्मी बांधावरून म्हणाली.

"आवं, हात चालवा. दिवस मावळला तर पोरगी उपाशी झोपंल." त्यांच्या जैन घरात दिवे लागल्यावर कुणी घास तोंडात घालत नसे.

"पाना कुटं ठिवलास?"

"मी न्हाई ठिवला. तुमीच ठिवला."

पाना त्याच्या डाव्या गुडघ्याला लागून पडला होता. त्याचा हात मातीत चाचपडत पान्यावरूनच पुढं गेला. मग त्यानं सगळी मान वळवली, तेव्हा कुठं तो त्याला दिसला.

ही मान वळवणं ती कित्येक महिने बघत होती. ताटातली उजवीकडची भाकरी संपायची आणि डावीकडची भाजी तशीच राहायची. मिरजेच्या डॉक्टरांचं नाव काढलं की तो खेकसायचा, "माज्या डोळ्यांना काय धाड भरलीया?" ती पुढं बोलत नसे. गावात त्याला गाडीवाला अण्णा म्हणत. गाडी काढून घेतली तर ओट्यावर बसून तो काय होईल, हे तिला कळत होतं. भरतेशनं, तिच्या मुलानं, हौसेनं तिलाही लायसन काढून दिलं होतं. ते कपाटात पडून होतं. शेतातनं वैरण आणण्यापुरती ती गाडी चालवायची. डांबरीला चाक लागलं की उतरून त्याच्या हातात द्यायची. आज बोलू, उद्या बोलू, असं करत उन्हाळा आला होता.

नट आवळून झाले. जॅक खाली आला. ब्राह्मी टुणकन चढून आपल्या फळकुटावर बसली.

"तिकडं नगं, बाळा," अण्णाप्पा घाईनं म्हणाला. "उजवीकडं बस."

गुणमालानं जॅक हौद्यात टाकला आणि त्याच्याकडं वळली.

"तुमाला ठावं हाय."

तो फडक्यानं बोटं पुसत राहिला. एकेक बोट, सावकाश.

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आदी," तो पुटपुटला. "एकदम न्हाई गेलं. डाव्या कडंनं काळं हुत आलं. पर मी हळू चालवतो, गुणा. रस्ता पाठ हाय मला."

"आनि पोरगी रोज तितंच बसत हुती."

"आज आयकलं ना माजं?"

तिनं ब्राह्मीचा डावा पाय उचलून धरला. बुटाच्या बाहेरच्या कडेचं कातडं सोलून निघालं होतं, आणि सोललेल्या जागी दगडाची पांढरी भुकटी होती.

"ह्ये कवा झालं गं?" अण्णाप्पानं विचारलं.

"मगाशी, आज्जा. धाडकन झालं तवा. पण मला लागलं न्हाई."

ते बघायला त्याला मान पुरी वळवावी लागली. वळवल्यावर बराच वेळ त्यानं ती परत फिरवली नाही. पश्चिमेला उसाच्या तुऱ्यांवर सूर्य टेकला होता.

गुणमालानं पदर खोचला, पुढं जाऊन सीटवर बसली आणि हात मागं केला.

"चावी द्या. आजपासनं गाडी मी चालवणार. तुमी मागं बसा, पोरीला धरून."