वळणाच्या वर

"डबा घेऊन जा. उपाशीपोटी मशीन चालवू नका," ती म्हणाली.

"आणि तुझा डबा कुठं चाललाय?" नवऱ्याने बुटाची नाडी आवळत विचारले.

"तुम्हाला माहितीये."

"वा! पोकलेनसमोर येऊन बसायचं आणि वर चालवणाऱ्याला जेवायलाही घालायचं."

एरवी ती हसली असती. आज हसली नाही. "अहो, आजच्या दिवस आजारी पडा ना. दुपारी कोर्टात सुनावणी आहे. तोवर तरी..."

"म्हणून तर ठेकेदाराला सकाळीच वळण खणून हवंय. मी नाही चढलो तर तो दुसरा पोरगा चढेल. त्याचा हात अजून बसलेला नाही. मी निदान जपून चालवीन." तो दारात थांबला. "तू येऊ नकोस. मला तिथं तुझं तोंड बघायचं नाही."

डबा मात्र त्याने घेतला.

ती शाळेचे गणवेश शिवायची, आणि सुट्टीच्या दिवशी प्रार्थनाघरात गायची. आवाज असा खणखणीत, की माईक बिघडला तरी कुणाचे काही अडत नसे. ताई आहेत तोवर देवाला बहिरेपणाचं सोंग घेता येणार नाही, असे तिथले गुरुजी थट्टेने म्हणायचे.

ज्या टेकडीसाठी कोर्टात खटला होता, ती मात्र तिच्या लोकांची नव्हती. ती तिथल्या मूळच्या माणसांची. त्यांचे वाडवडील टेकडीवर पुरलेले, आणि त्यांच्या लेखी ते मेलेले नाहीत, झोपलेले आहेत. म्हणून वळणाच्या वर कुणी आवाज चढवत नाही. रडके मूलसुद्धा आधी खाली शांत करतात, मगच वर नेतात. कंपनीला टेकडीच्या पोटातला दगड हवा होता आणि रस्ता नेमका त्या वळणातून जाणार होता. एकदा तिथली माती उपसली की कोर्ट काय निकाल देणार, आणि कशावर?

प्रार्थनाघराने ठरवले, आपण टेकडीवाल्यांसोबत निषेधाला बसायचे. पहिल्या खेपेला सगळे वाजतगाजत वर गेले. ती जीव ओतून गायली. टेकडीवाल्यांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि एकेक करत मुकाट्याने खाली निघून गेले. मंडळी आपली खूश, की गाणे काळजाला भिडले!

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक म्हातारी तिच्या दुकानात आली. स्टुलावर टेकली, शिलाई मशीनवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आवाज गोड आहे गं तुझा. पण झोपलेल्या माणसाच्या उशाशी इतक्या मोठ्यानं कुणी गातं का?"

तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गुरुजींनाही ते लागले. त्यांनी सगळ्यांना बसवून बजावले, "आपण त्यांच्या दारी पाहुणे आहोत. आता वर गेल्यावर तोंडातून चकार शब्द नाही."

म्हणून आज सगळे गप्प होते. रस्त्याच्या डाव्या कडेला प्रार्थनाघरातली माणसे आणि टेकडीवाले खेटून बसले होते. ती बसणार इतक्यात समोरच्या कडेवरून म्हातारीने तिला हाताने बोलावले. तिथे, दरडीला टेकून, पहिल्या थडग्याच्या दगडापाशी म्हातारी एकटीच बसली होती. ती जाऊन शेजारी बसली. म्हातारीने तिचा हात मांडीवर घेतला.

खालून पोकलेनची घरघर येऊ लागली. हळूहळू पिवळा सांगाडा वळणावर आला. केबिनचे दार उघडे होते. नवऱ्याने डाव्या रांगेवरून नजर फिरवली. एकेक तोंड बघितले. शेवटचे तोंड बघून झाल्यावर त्याचे खांदे सैल पडले.

बायको आली नाही, असे त्याला वाटले होते.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मशीनचा लांब हात मध्ये आला की उजवीकडचे त्याला दिसत नाही, हे तो घरी कितीदा बोलला होता. ती उजवीकडेच बसली होती. मागे दरड. उठून पळावे तर म्हातारीचे गुडघे, तिला सोडून कशी पळणार? समोरची माणसे उठून दोन्ही हात हलवू लागली. पण निषेधाला आलेली माणसे हात हलवणारच. नवऱ्याने त्यांच्याकडे बघायचे टाळले. ओळखीच्या माणसांची त्याला लाज वाटत होती. त्याने मशीन दरडीकडे वळवले.

एक हाक पुरली असती. तिचा आवाज त्या इंजिनच्या वर सहज गेला असता. हाक घशापर्यंत आली आणि तिने ती दातांखाली दाबली. बकेट खाली येत होती. तिने डोळे मिटले.

आणि कानाशीच किंकाळी उठली. टेकडीवर असा आवाज कुणी कधी ऐकला नसेल. म्हातारी ओरडली होती, सगळा जीव एकवटून.

बकेट जागच्या जागी थांबली, दोन हातांवर. इंजिन बंद झाले. नवरा उडी टाकून पलीकडून धावत आला आणि तिला बघून मटकन खाली बसला. "तू... इथं?"

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिने कपाळ जमिनीला टेकले होते. "उठले असतील सगळे," ती पुटपुटत होती. "माझ्यामुळं उठले."

"आजी, माझ्यासाठी का हो..." तिला रडू आवरेना.

"मग काय करू? त्यांना परत झोपवता येतं गं. तुला कुठून आणणार होते?" म्हातारीने डोके वर उचलले. तिच्या कपाळाला माती लागली होती. "आता तूच झोपव त्यांना. हळू."

तिला काय गावे कळेना. तिची सगळी गाणी देवाला जागे करणारी. शेवटी लेक मांडीवर असताना ती जे काहीबाही गुणगुणायची, तेच तिने धरले. समोरच्या रांगेपर्यंतही ते पोचत नव्हते. नवऱ्याने मशीनची किल्ली मुठीत घट्ट धरली होती.

खालच्या रस्त्यावरून ठेकेदाराच्या गाडीचा हॉर्न वाजत वर येऊ लागला. तिने आवाज चढवला नाही.