मेंढरांमागची फक्की

राज्यात डाव्यांचं नवं सरकार आलं आणि दोन महिन्यांत मुंबईहून आदेश निघाला : गायरानं भूमिहीनांना वाटा. बिडकीनजवळच्या एका गावात मोजणीदाराला घेऊन नायब तहसीलदार मृण्मयी गेली. शहरातल्या शिकल्यासवरल्या घरातली, नोकरीचं पहिलंच वर्ष. आदेश तिला मनापासून पटला होता.

गायरानात एका बाजूला कडूबाई आणि रोजंदारीवर जगणारी बावीस घरं, दुसऱ्या बाजूला काठ्या घेतलेले मेंढपाळ. मतं दोघांनीही याच सरकारला दिलेली.

"मुंबईवाल्यांना मेंढरू ठावं तरी हाय का?" मेंढपाळांतला खंडेराव ओरडला. "आमच्या जित्राबानं खायचं काय?"

"अन् आम्ही जन्मभर दुसऱ्याच्याच बांधावर राबायचं व्हय?" कडूबाई कडाडली.

तेवढ्यात कुणीतरी भिरकावलेला दगड मोजणीदाराच्या खांद्यावर बसला. पोलिसांना बोलवायला मृण्मयीनं फोन काढला.

खंडेरावची आई, सुगंधाबाई, पुढं आली. लेकाच्या हातातली काठी तिनं काढून घेतली.

"पोलीस नको, पोरी. माझी मेंढरं पाण्याला निघाल्यात. त्यांच्या मागं पांढरी फक्की टाकीत चल. ती वाट अन् नाल्याकाठचं गवत आम्हाला सोड. बाकी रान यांना दे."

"आई! चांगलं रान समदं तिकडं जातंय!"

"जाऊ दे. आपल्याला लांब जायची सवय हाय. त्यांनी कुठं जायचं?"

कडूबाई सुगंधाबाईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आक्का, पीक निघालं की मेंढरं आमच्याच वावरात बसवा. आम्हाला खत व्हईल, तुम्हाला चारा."

सुगंधाबाई मेंढरं घेऊन निघाली. काठ्या खाली टेकवून सगळे बघत राहिले. मोजणीदाराला हात उचलवेना, म्हणून फक्कीची पाटी मृण्मयीनंच घेतली.

आदेशात अशा वाटेला रकानाच नव्हता. वरिष्ठांनी मृण्मयीला नोटीस दिली. तिनं दोन्हीकडच्या अंगठ्यांचा पंचनामा पुढं ठेवला आणि सांगितलं, "सर, ही तोड माझी नाही. माझ्याहून शहाण्या बाईची आहे." तीन सुनावण्यांनंतर वाट कायम झाली, बावीस घरांना पट्टे मिळाले.

त्या उन्हाळ्यात फुलंब्रीच्या रस्त्यावर मृण्मयीला कळप दिसला. तिनं जीप थांबवली.

"मावशी, लांब पडतं का हो?"

"पडतं की," सुगंधाबाई हसली, आणि मागं रेंगाळलेल्या मेंढीला तिनं हाळी दिली.