सावडीची पावलं

ईश्वरची थोरली पोरगी राजनंदिनी दहावी पास झाली ते दोन हजार चोवीस साल. तिच्या आजीने, रंगुबाईने, कासुर्डीच्या आळीत घरोघर पेढे वाटले होते आणि प्रत्येक दारात उभं राहून तेच वाक्य बोलली होती, "आमच्या घरात धाव्वी झालेली पहिली बाईमाणूस!" त्याच साली दसऱ्याच्या दिवशी ईश्वरने आईसाठी मनगटावर बांधायचं नवं घड्याळ आणलं.

ईश्वर रांजणगावच्या एका कंपनीत लाईन लीडर होता. बायको शितल आणि दोन पोरं घेऊन कारेगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. रंगुबाई कासुर्डीला एकटी होती. वीस गुंठे शेवंती, एक शेळी आणि आळीतल्या पाच बायकांची सावड एवढा तिचा संसार. सावड म्हणजे आज सगळ्या बायकांनी मिळून एकीच्या रानातली फुलं तोडायची, उद्या दुसरीच्या. कुणाला बरं नसलं तर शेजारची बाई तिचीही ओळ तोडून देते आणि बरी झाली की ती बाई ते फेडते. ह्यात लिहून ठेवणं नाही आणि मागणंही नाही.

घड्याळ येण्याआधी ईश्वर दर सुट्टीला न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून कासुर्डीला असा दीड तास गाडी हाकत यायचा. हातपाय धुऊन चुलीपाशी बसायचा. आई भाकरी थापायची, तो कंपनीतल्या गमती सांगायचा. आईला दम लागतो का, तिच्या चपलेचा पट्टा पायात रुतलाय का, हे तो मुद्दाम कधी बघत नसे. पण समोर बसलेल्या लेकाच्या डोळ्यांना ते आपोआप दिसतंच.

त्या घड्याळात सीमकार्ड होतं. माणूस किती पावलं चालला, नाडी किती पडते, झोप किती झाली, सगळं ते ईश्वरच्या मोबाईलवर पाठवायचं. काही कमीजास्त झालं की मोबाईल कोकलायचा. रंगुबाईने ते आधी पाटावर विळ्या-खुरप्याशेजारी ठेवलं.

"ह्याला हळद-कुंकू लावलं तर बिघडंल का रं?"

"काचंवर नको लावू, पट्ट्याला लाव."

पूजा झाली. ईश्वरने घड्याळ आईच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाला, "आई, आता मी तिकडं कारेगावात असलो तरी माझा हात तुझ्या नाडीवर हाय असं समज."

"आन् माझा हात कुठं?" रंगुबाईने विचारलं. सगळे हसले. तीही हसली.

दौंडचे हौसराव मामा आपट्याची पानं घेऊन आले होते. रंगुबाईचे हे धाकटे भाऊ छत्तीस वर्षं रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज रुळावरून पायी चालायचं आणि रुळाच्या सैल झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. ते घड्याळाकडे बराच वेळ बघत बसले.

"भाच्या, चीज चांगली हाय. पन एक सांगू का? आमच्या लायनीला शिग्नल व्हते, तारा व्हत्या, पुढं तर कंप्यूटर आला. तरी साहेबानं चावीवाल्याला कवा घरी बसू दिलं न्हाई. शिग्नल हिरवा असला तरी रूळ पायानं चालून बघायचा. का? तर चावी सैल झालेली शिग्नलला कळत न्हाई. ती हातालाच कळती."

"मामा, तुमचा जमाना येगळा व्हता," ईश्वर हसून म्हणाला. "आता सगळं घरबसल्या कळतं."

"कळंल की," मामा म्हणाले आणि त्यांनी भाच्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. 

दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांनी एका सकाळी ईश्वरचा मोबाईल लाईनवरच कोकलला. आईची नाडी एकशेचाळीस! बदलीचा माणूस मिळायची वाट न बघता ईश्वर निघाला आणि सव्वा तासात कासुर्डीत पोचला. बघतो तर आई ओट्यावर बसून शेळीला पाला घालत होती.

"काय झालं, आई? छातीत दुखतंय का?"

"छे रं! शेळी सुटली, तिच्या मागं पळाले. दुसरं काय न्हाई."

 वाटभर ईश्वर भीतीने गोठून गेला होता, आणि भीती उतरली की माणसाला राग येतो. तसा त्याला आला.

"आई, उगं असं करत जाऊ नको. लाईन उभी ऱ्हायली माझ्यामुळं. साहेब लेखी मागतोय. ह्यापुढं असलं काय झालं तर मला नोकरी सोडून इथंच बसावं लागंल!"

"बरं," रंगुबाई म्हणाली. "न्हाई करायची."

त्या दिवशी शेळी सुटलेली नव्हती. ती सकाळपासून दाव्यालाच होती. ईश्वरच्या समोरच ती बांधलेली होती, पण घाईत त्याने दाव्याच्या गाठीकडे पाहिलं नाही.

त्यानंतर मात्र मोबाईल एकदाही कोकलला नाही. उलट आकडे सुधारत गेले. आधी आईची दिवसाकाठी दोन हजार पावलं व्हायची. आता सात हजार, आठ हजार, कधी नऊ हजार! नाडी बहात्तर. झोपही पुरेशी. ईश्वर कँटीनमध्ये मोबाईल फिरवायचा. बिहारचा एक जोडीदार म्हणाला, "ईश्वर भाई, तुम्हारी माँ तो हम सबको पीछे छोड़ देगी!" ईश्वरची छाती फुगली. कंपनीत ऑर्डर वाढली होती, सुट्टीलाही कामावर बोलवत होते. आई ठणठणीत आहे हे रोज दिसत असताना तीन तास रस्त्यावर कशाला घालवायचे?

एक सुट्टी चुकली. मग दुसरी चुकली.

"आत्यांना फोन तरी लावा," शितल म्हणायची.

"बघितलंय मी. आठ हजार चारशे."

"पावलं न्हाई इचारली मी. त्यांना इचारा."

मग तो फोन लावायचा. पण समाचार आधीच हातात असला की विचारायला काय उरतं? "जेवलीस का? लई चालतीस गं तू! भारी!" एवढं बोलून व्हायचं. पलीकडून रंगुबाई म्हणायची, "व्हय, चालतीय की." आवाज बारीक यायचा. ईश्वरला वाटायचं, रेंज नसेल.

संक्रांतही गेली. दोन महिन्यांत तो कासुर्डीला गेला नाही.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हौसराव मामांचा फोन आला.

"ईश्वरा, निघून ये. तुझी आई आठ दिस झालं अंथरुणाला खिळलीय. पाय सुजलेत, धाप लागलीय. गाडी सांगितलीय मी, दौंडला न्यायची हाय."

"काय बोलताय, मामा! शक्यच न्हाई. आत्ता बघा, आजची सहा हजार पावलं झालीत. आत्तासुद्धा चालतीय ती!"



"लेका, मी तिच्या उशाला बसलोय. मग ती पावलं कुणाची?"

हातातला घास ईश्वरच्या हातातच राहिला. मोबाईलवर आकडा पुढे सरकत होता. सहा हजार वीस. सहा हजार चाळीस.

तो कासुर्डीत पोचला तेव्हा आळीच्या तोंडाशी नकुशी भेटली. ही रंगुबाईची शेजारीण, सावडीतलीच, चाळिशीची, काटक बाई; रंगुबाईला नानी म्हणायची. डोक्यावर शेवंतीची पाटी होती आणि पाटी धरलेल्या हाताच्या मनगटावर आईचं घड्याळ होतं.

"वहिनी!" ईश्वर ओरडला. "हे तुझ्या हातात कसं? फसवलंस मला! दोन म्हयनं मी तुझी पावलं बघत बसलो व्हय?"

नकुशीने पाटी उतरवली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण तिने मान खाली घातली नाही.

"व्हय, फसवलं! तवा तुम्ही रागं भरून गेलात ना, त्या रातीपासून नानींनी अन्न टाकलं व्हतं. म्हनल्या, माझ्या छातीच्या धडधडीपायी पोराची नोकरी जायाची. नकुशे, तू जशी माझी वळ तोडतीस, तशी माझी पावलं बी चालून दे. सावड समज. मी बरी झाले की फेडीन. मी म्हनलं, नानी, हे बरं न्हाई, भावजींना सांगा. तर त्यांनी शपथ घातली. शेवटी काल मीच शपथ मोडली आन् दौंडला मामांना फोन लावला."

"अगं, पण मला एक शब्द..."

"तुम्हाला सांगायला तुम्ही आलात कवा, भावजी? मी फसवलं, कबूल. पन ह्या दोन म्हयन्यांत एकदा जरी दारात उभं ऱ्हायला असता, तर ह्या घड्याळानं तुम्हाला फसवलं असतं का? नानींचं तोंड बघून बारकं पोर बी सांगत व्हतं!"

ईश्वर तिला ओलांडून घराकडे पळाला. 

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी झालं होतं. "नाडी पहिल्यांदा कधी वाढली होती?" त्यांनी विचारलं. ईश्वरने मोबाईलमध्ये बघून तारीख सांगितली. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे घड्याळाने वेळेवर सांगितलं होतं की तुम्हाला. तेव्हाच आणायला हवं होतं."

हे वाक्य ईश्वरच्या काळजात रुतून बसलं. यंत्र खोटं बोललं नव्हतं! आई खोटं बोलली होती, लेकाच्या धाकाने आणि लेकाच्या मायेने. आणि तो? त्याला जे खरं मानायला सोयीचं होतं, ते त्याने खरं मानलं होतं.

अकरा दिवस तो दवाखान्यातून हलला नाही. कंपनीतून फोन आले, त्याने घेतले नाहीत. लाईन त्याच्यावाचून चालू होती. ती कधीच बंद पडणार नव्हती. आईचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन तो बसायचा. बोट दाबलं की कातडीत खड्डा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. हे कोणत्या आकड्यात दिसणार होतं?

एके दुपारी तो म्हणाला, "आई, चुकलो गं मी."

"तू कुठं चुकलास? घड्याळ आनलंस की माझ्यासाठी. आळीत कुणाच्या पोरानं आनलं?" तिला दम लागला. जरा थांबून ती म्हणाली, "एक खरं सांगू? तवा तुझा मोबाईल वरडला आन् तू पळत आलास. मला बरं वाटलं रं. वाटलं, असंच रोज वरडावं. मग मलाच लाज वाटली."

ईश्वरने तोंड फिरवलं.

"नकुशीला बोलू नको," रंगुबाई म्हणाली. "दोन म्हयन्यांची सावड ऱ्हायलीय तिची माझ्याकडं. वळी बी आन् पावलं बी. माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. तू फेड."

आईचं दहावं-तेरावं उरकल्यावर ईश्वर लगेच कारेगावला परतला नाही. आठ दिवस रोज पहाटे तो नकुशीच्या रानात बायकांच्या ओळीत उभा राहिला. लाईन लीडरच्या हातांना फुलं तोडणं जमेना, देठ मोडायचे. बायका हसल्या. नकुशी एवढंच म्हणाली, "भावजी, बोटानं न्हाई, नखानं. हां, आसं."

कामावर गेल्यावर त्याच बिहारच्या जोडीदाराने विचारलं, "भाई, वो घड़ी कहाँ मिलती है? गाँव में माँ के लिए भेजनी है।" पूर्वीचा ईश्वर असता तर त्याने फुशारकीने दुकान सांगितलं असतं. आता त्याने सगळी हकीकत सांगितली, आपली चूक न लपवता. कँटीनमधली ताटं तशीच राहिली. प्रत्येकाला आपापलं घर आठवलं होतं.  मग ईश्वर म्हणाला, "घड़ी भेजो, ज़रूर भेजो। लेकिन छुट्टी भी लो।"

ईश्वर सोडून दौंड, यवत, पाटस बाजूचे सात जण त्या खात्यात होते. त्यांनी सावड घातली. दर सुट्टीला एकाने तिकडे जायचं आणि सातही घरांच्या उंबऱ्याच्या आत बसून यायचं. चहा घ्यायचा. म्हातारीचा हात हातात घ्यायचा, पायाकडे बघायचं, शेळी खरंच सुटली होती का ते विचारायचं. परत आला की ज्याचं घर त्याला खरं सांगायचं. आणि ज्याने त्याने महिन्यातून दोनदा स्वतः गेलंच पाहिजे, ही अट. ईश्वरला आता कुणाला भेटायला जायचं नव्हतं, तरी पहिली पाळी त्यानेच घेतली.

बंधू-भगिनींनो, यंत्र वाईट नाही. उद्या याहून हुशार यंत्रं घरोघर येतील, बोलतील, इशारा देतील. ती जरूर घ्या. पण इशारा मिळाला की उठून जायचं काम यंत्र करत नाही, ते आपलंच आहे. आपली माणसं आपल्याला त्रास नको म्हणून दुखणं लपवतात, आणि ते लपलेलं फक्त समोर बसलेल्या माणसाला दिसतं. हौसराव मामा हेच दसऱ्याला सांगत होते. ईश्वरला ते पौषात कळलं.

रंगुबाई सोमवारी, सत्तावीस जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी, दुपारी दौंडच्या दवाखान्यात वारल्या. त्यांचं वय सत्तर होतं. लेक उशाशी होता.