पाण्यातली मागली वाट

सुदामकाका पाण्यातून चालायचे तेव्हा सळसळ ऐकू यायची, छपछप नव्हे. माघातल्या सकाळी धरणाच्या फुगवट्यावर धुकं अजून रेंगाळत असायचं, पाण्याचा रंग शिळ्या ताकासारखा पांढुरका असायचा, आणि त्या गुडघाभर पाण्यात त्यांचे पाय तळाशी सरपटत जायचे, जणू झोपलेल्या घरातून कुणी पदर ओढत चाललं आहे. पाय उचलायचा नाही, ओढायचा, हा त्यांनी मला दिलेला पहिला धडा. उचललेला पाय मासा ऐकतो. ओढलेला पाय त्याला पाण्याचाच वाटतो. अशा रीतीनं मी त्यांच्यामागे सात हिवाळे पाय ओढत चाललो, आणि त्या सातांपैकी सहा हिवाळे मी त्यांच्यावर रागावलेला होतो.

राग माझ्याकडे मुबलक आहे. नांदेडात मी जुन्या पाणबुडी मोटारी विकत घेतो, उघडतो, दुरुस्त करतो आणि विकतो. बाप मोंढ्यात हमाल होता. दुकान माझ्या जिभेवर उभं राहिलं. समोरचा माणूस दारात पाऊल टाकतो तेव्हाच तो कुठं नमणार हे मला त्याच्या खांद्यावरून कळतं. सुदामकाकांच्या खांद्यांवरून मला कधीच काही कळलं नाही. उन्हानं तांब्याचे झालेले, हाडं दिसणारे, किंचित पुढे झुकलेले ते खांदे सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोर चालत राहिले, आणि मी त्यांच्याशी मनातल्या मनात घासाघीस करत राहिलो.

या फुगवट्याखाली त्यांचं गाव आहे. धरण झालं तेव्हा ते विशीत होते. गाव उंचवट्यावर असल्यामुळे तिथलं पाणी आजही उथळ. कुठं गुडघा, कुठं कंबर, आणि मधेच, काहीही न सुचवता, पुरुषभर. होडी घालावी तर बुडालेल्या बाभळींचे बुंधे तिचं पोट फाडतात. म्हणून गळ घेऊन येणाऱ्या आमच्यासारख्या हौशी लोकांना, कुणी नांदेडचे, कुणी लातूरचे, सुदामकाका काठीनं तळ चाचपत पुढे नेत, आणि आम्ही त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून मागे. सपाट, चकाकत्या, रिकाम्या पाण्यात ते अचानक उजवीकडे वळत, पाच पावलांवर पुन्हा डावीकडे, आणि मागे न बघता सांगत, "ही सोनाराची मागली भित. हितं वाम असती." मग थोड्या वेळानं, "हे वाण्याचं परसू. निसरडं हाय, दमानं." त्यांच्या आवाजात तेव्हा एक विलक्षण मार्दव येई. बुडालेल्या गावाला ते उठवू पाहत नव्हते. झोपमोड होऊ नये म्हणून जपत होते.

मला ती सापासारखी लांबट वाम नको होती. मला पार हवा होता.

गावाच्या मधोमध, पाण्यातून वर आलेलं पिंपळाचं एक काळंभोर खोड अजून उभं आहे. त्यावर पाणकावळे पंख पसरून उन्हात बसलेले असतात. खोडाभोवती दगडी पार आहे, त्याचा माथा तेवढा पाण्याबाहेर. दुपारी ते दगड तापतात, तिथलं पाणी ऊबदार होतं, आणि पारापाशी मरळ मासे येऊन उभे राहतात. हाताएवढे नव्हे, मांडीएवढे. मी त्यांना उसळताना पाहिलं होतं. उन्हात एक काळी लकाकी, मग पाण्यावर भाकरी थापल्यासारखा आवाज. सुदामकाका आम्हाला दक्षिणेकडून मोठा वळसा घालून पारापासून पन्नास पावलांवर आणत आणि थांबत. "हितनंच टाका."

पन्नास पावलांवरून माझा गळ पोचायचा नाही. मी सौद्याला बसलो. त्यांच्या नव्या वस्तीतल्या जमिनीच्या तुकड्यावर मोटार बसवून देतो म्हटलं. त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "मोटार लावून गावावरचं पानी उपसता का काय, शेट?" आणि असे हसले की खोडावरचे दोन पाणकावळे उडाले. पुढच्या वेळी मी त्यांच्या भाच्याला दुकानात कामाला घेतो म्हटलं. "घ्या की. पर तो मासे न्हाई खात." जिथं नमायचं तिथं हा माणूस विनोद करायचा, आणि विनोदाशी घासाघीस करता येत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात माझा संयम सुटला. समोर पार, मधे नुसतं पाणी, आणि आम्ही मात्र उसाच्या गाडीसारखे लांबून वळसा घालतोय. मी म्हणालो, "काका, पाणीच तर हाय सगळं! सरळ जाऊ की."

"तिकडनं न्हाई, शेट."

"कामून?"

त्यांनी नुसती काठी वळशाकडे दाखवली. मी सरळ निघालो. चार पावलं कमरेएवढ्या पाण्यात गेली, पाचव्याला तळ नव्हता. कानांत घंटा वाजू लागल्या, नाकात थंडगार चिखल शिरला. वर आलो तेव्हा डोळ्यांसमोर सूर्याची एक पिवळी चिरफळी होती आणि तिच्यात उभे सुदामकाका. सहा हात लांब. हललेले नव्हते. मी ओरडलो, "हात द्या! काका, हात!" त्यांनी एक पाऊलही पुढे टाकलं नाही. काठी पुढे केली. तिचं टोक माझ्या बोटांना जेमतेम लागलं, मी ते धरलं, आणि त्यांनी टाचा रोवून, मागे रेलून, गाळातून मुळा उपटावा तसं मला ओढून काढलं. मग ते काही बोलले नाहीत. मी ओकत होतो तेव्हा तोंड फिरवून दुसरीकडे बघत राहिले.

अंगातली थंडी दुसऱ्या दिवशी गेली, अपमान राहिला. गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात हातात घेतल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. माझ्या लेखी माणसाचा हात म्हणजे माणसाचा शब्द. बुडत्यालाही ज्यानं हात दिला नाही, त्यानं मला काय समजलं होतं? पारापासून मला दूर ठेवणारा तो हिशेबी माणूस मीच मनात रंगवला, आणि दर हिवाळ्यात त्यावर नवा रंग चढवत गेलो. तरी जात राहिलो. त्या पाण्यातली वाट दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती, आणि खरं सांगायचं तर रागावण्यासाठी का होईना, मला ते समोर लागत.

रागानं माणूस नीट पाहतो. त्यांचं सगळं मला पाठ आहे. मासा लागल्यावर ते श्वास रोखत, आणि दोरा सैल पडला की तो श्वास हळूच पाण्यावर सोडत. अंड्यांनी पोट फुगलेली मासोळी मिळाली की तिला दोन्ही तळव्यांत धरून, तिची शुद्ध परत येईपर्यंत, पाण्यात डोलवत उभे राहत. तेव्हा त्यांच्या सुरकुतल्या मनगटांवर उन्हाच्या जाळ्या थरथरत. दुपार कलली की पाण्यावर तांबूस झळाळी येई आणि ते कपाळावर आडवा हात धरून पाराकडे बघत. मी त्या नजरेला लोभ म्हणत होतो. माल राखणाऱ्याची नजर. त्याबद्दल मला आज स्वतःची जीभ छाटावीशी वाटते.

या वर्षी दिवाळीनंतर त्यांचे गुडघे भरले. मी काठावर पोचलो तेव्हा कळलं की मुलगी त्यांना उदगीरला घेऊन गेली. नांदेडला परत येताना मी गाडीत एकटाच ओरडत होतो. गेला! वाट पोटात घेऊन गेला! आठवडाभरानं मी उदगीर गाठलं.

त्यांची मुलगी सुनीता तिथं शाळेत शिक्षिका आहे. घर नवं, जिन्यात तुळशीच्या कुंड्या, बैठकीत बुद्धाची तसबीर आणि तिच्यासमोर ताजी फुलं. त्यांची जात मला ठाऊक नव्हती असं नव्हे. ठाऊक होती, पण ती पाण्याखालीही जागी असेल हे माझ्या चतुर डोक्यात कधी आलं नव्हतं. सुदामकाका खिडकीशी खुर्चीत बसले होते. कोरड्या जागी ते मला फार लहान दिसले.

चहा यायच्या आधीच मी सुरू झालो. "सात वर्षं, काका! सात वर्षं मागं मागं फिरलो. पाराची वाट तेवढी लपवलीत."

"म्हाईत असती तर दिली असती की."

"तुमचं गाव, आणि तुम्हाला म्हाईत न्हाई?"

"पारावर कधी गेलोच न्हाई, शेट. आमी मागल्या अंगानं जायचो. लांब हुबं राहून बोलायचं. मागून जेवढं गाव दिसतंय तेवढं पायाला म्हाईत हाय. म्होरलं कसं सांगू?"

मागली भिंत. परसू. सात वर्षांत या माणसानं मला एकाही घराचं पुढचं दार सांगितलं नव्हतं, आणि लोकांची मनं ओळखून पोट भरणाऱ्या मला ते एकदाही खटकलं नव्हतं.

मी तरी मागे हटलो नाही. मागे हटणं मला येत नाही. "आणि हात? मी मरायला लागलो होतो, आन् तुम्ही काठी दिली!"

सुनीता कप घेऊन आली होती. ती दारातच थांबली. "कुठं झालं हे?"

मी सांगितलं. सुदामकाका आपल्या तळव्यांकडे बघत होते.

"पाटलाचा आड होता तो," ते म्हणाले.

माझ्या तोंडून निघालं, "अहो काका, आता सगळं पाणीच झालंय की!"

"तवाबी पानीच होतं."

त्यांनी ते चिडून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. मग गुडघा चोळत, "लई परयत्न केला, शेट. पाय म्होरं टाकावा म्हनलं. उचललाच न्हाई. ल्हानपनी बापानं तिथवर हद्द दावून दिलेली. तुमी बुडताय, आन् माझा पाय ऐकंना. लाज वाटली. म्हनून बोललो न्हाई."

सुनीतानं कप जरा जोरात ठेवले. "बाबा, धरणानं पाटलाचा आड बुडवला. तुमच्या डोक्यातला कुणी बुडवायचा?"

"तू हायस की," ते म्हणाले, आणि हसले. ती हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, चहा घ्या. गार होईल." तिच्या आवाजातला राग माझ्यावर नव्हता, पण मला सोडूनही नव्हता.

निघताना सुदामकाकांनी मला थांबवलं. "तुमी उत्तरंच्या वेशीतनं सरळ जावा. तिकडनं फरशी हाय म्हनत्यात, पार पारापतुर. तुमाला कोन आडवणार?"

पुढच्या रविवारी मी गेलो. वेशीच्या दोन ढासळलेल्या बुरुजांचे दगड पाण्याखाली पायाला लागले, आणि त्यांच्यामधून खरंच फरसबंदी सुरू झाली. रुंद, टणक, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी. त्या वाटेवर पाय ओढायचीसुद्धा गरज नव्हती. एक विडी संपेल एवढ्या वेळात मी पारावर उभा होतो. सात हिवाळे ज्याच्यासाठी मी विनवण्या केल्या, आमिषं दाखवली, शिव्या घातल्या, ते माझ्यासाठी पहिल्या दिवसापासून उघडं होतं. मला फक्त चुकीच्या माणसामागून जाऊ नये एवढं कळायला हवं होतं. पण तो चुकीचा माणूस नव्हता. चुकीची होती ती वाट, आणि ती त्यानं घातलेली नव्हती.

पहिल्याच फेकीला मरळ लागला. घरी आणला, बायकोनं झणझणीत कालवण केलं, लेकरं बोटं चाटत जेवली. माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. मी जेवलो. रागारागानं, काटे थुंकत, पोटभर जेवलो.

पण त्या दुपारी, मरळ पिशवीत तडफडत असताना, पाराच्या तापलेल्या दगडावर बसून मी दक्षिणेकडे बघत होतो. सोनाराच्या भिंतीमागून, वाण्याच्या परसामागून, आडाला टाळून येणारा तो लांबलचक वळसा मी पाण्यात शोधत होतो, आणि तो कुठंही उमटलेला नव्हता. लोक काळाला न्यायी म्हणतात. काळ नुसता गाळ आणून टाकतो, अडवणाऱ्याच्या दारावर आणि अडवलेल्याच्या वाटेवर सारखाच. मग एक दिवस ती वाट पायांत जपणारा शेवटचा माणूसही निघून जातो, आणि मागे उरलेलं पाणी इतकं सपाट, इतकं निष्पाप दिसू लागतं की तिथं कधी कुणाला काही आठवत होतं हेच खोटं वाटावं.